दहा हजारांत मॉनिटर: २७ इंची कर्व्ह, टीव्ही की साधा २४ इंची?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. दहा हजार बजेट, नाशिकला घरून अकाउंट्सचं काम, दिवसभर टॅली आणि एक्सेल, संध्याकाळी मुलगी त्याच्यावरच बारावीचे लेक्चर्स बघणार, आणि १५.६ इंची लॅपटॉपमध्ये वाकून वाकून मान धरायला लागलीय. समोर पर्याय तीन, सेलमधला २७ इंची कर्व्ह (वक्र स्क्रीनचा), शेजारचे म्हणतात तसा ३२ इंची टीव्ही, नाहीतर साधा २४ इंची. माझं मत सरळ आहे: २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा स्क्रीनचा प्रकार), आणि मिळाला तर वरखाली होणारा स्टँड. घाईत असाल तर एवढं पुरे, पण कारणं वाचलीत तर दुकानात कोणी भरीस पाडणार नाही.

आधी टीव्हीचं बघू, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तुमच्या कामाला तो खरंच वाईट आहे. या पैशात येणारे ३२ इंची टीव्ही बहुतेक एचडी रेडी असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८. सोफ्यावरून मॅच बघायला ठीक, पण दोन फुटांवर बसून लेजर (खातेवही) वाचायला घेतलंत की अक्षराचा एकेक ठिपका दिसतो. शिवाय बरेच टीव्ही रंगाची माहिती पूर्ण घेत नाहीत, पांढऱ्यावर काळी अक्षरं जरा तरी बरी दिसतात पण एक्सेलमधले मायनसचे लाल आकडे कडेने फिसकटतात, आणि तुम्हाला दिवसभर नेमके तेच वाचायचेत. कडा कापल्या जाऊन खालचा टास्कबार अर्धा गायब होतो तो त्रास वेगळा.

आता २७ इंची. २७ आणि २४ दोन्हीवर फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० च, त्यामुळे मोठा घेतला म्हणून एक्सेलच्या जास्त ओळी दिसत नाहीत, त्याच ओळी ताणून मोठ्या होतात. २४ इंचीवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात, २७ वर ८२ च्या आसपास. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण मराठी टाइप करत असाल तर लगेच कळतं. मंगल किंवा निर्मला फॉन्ट ११ साइजला ठेवा आणि 'कर्तृत्व', 'त्र्यंबक', 'खर्चातली', 'सर्वांशी' असे शब्द टाइप करा. २७ इंची फुल एचडीवर रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात, जोडाक्षराचं पोट भरून जातं. इंग्रजीत हे इतकं टोचत नाही, म्हणून इंग्रजी रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही. २७ घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० वाला घ्यावा, तो फार सुंदर दिसतो, पण तो नवा तुमच्या बजेटच्या वर जातो.

तुम्हाला आताच्या लॅपटॉपपेक्षा २४ वर जास्त ओळी मात्र नक्की दिसतील. लॅपटॉप ७६८ वाला असेल तर फुल एचडीवर जवळजवळ दुप्पट पिक्सेल मिळतात. आणि लॅपटॉप आधीच फुल एचडी असला तरी विंडोज त्याच्यावर सगळं १२५ टक्के मोठं करून दाखवत असेल, २४ इंचीवर १०० टक्क्यांवर ठेवा म्हणजे कॉलम आणि ओळी दोन्ही वाढतात.

कर्व्हचं म्हणाल तर या किमतीतले कर्व्ह बहुतेक व्हीए पॅनलचे असतात. व्हीएचा काळा रंग जास्त गडद येतो, अंधारात सिनेमा बघणाऱ्याला तो आवडतो, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात, आणि तुम्ही म्हणताय की कधी कधी दोघी शेजारी बसून बघणार. आयपीएसमध्ये तो प्रश्न येत नाही. आयपीएसचा काळा अंधाऱ्या खोलीत थोडा राखाडी दिसतो, कोपऱ्यात हलकी चमकही दिसते, तो बिघाड नाही, त्या पॅनलचा स्वभाव आहे. टीएन पॅनल मात्र अजून कुठे स्वस्तात दिसला तर हातही लावू नका, मान जरा खाली केली की रंग उलटे होतात.

खोक्यावरचे मोठे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. १ एमएस (मिलिसेकंद, म्हणजे चित्र किती झटकन बदलतं तो वेळ) लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एमपीआरटी (हलतं चित्र किती पुसट दिसतं ते मोजायची पद्धत) असेल तर तो आकडा बॅकलाइट भराभर चालू-बंद करून मिळवलेला असतो आणि तो मोड लावला की ब्राइटनेस कमी होतो. एचडीआर (उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणं) लिहिलंय आणि ब्राइटनेस २५० निट्स असेल तर तो एचडीआर काही उपयोगाचा नाही, व्हेसा या स्क्रीनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआरची सगळ्यात खालची पायरीसुद्धा ४०० पासून सुरू होते. १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा चित्र ताजं होणं) असेल तर छान, स्क्रोल करताना मऊ वाटतं, आणि आता या किमतीत ते सर्रास मिळतंही, पण त्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. खिडकीकडे पाठ करून बसत असाल तर मात्र २५० निट्स दुपारी कमी पडतील, टेबल फिरवा, खिडकी बाजूला येऊ द्या.

पैसे वाचवून कुठे घालायचे तर स्टँडमध्ये. तुमचा मूळ त्रास मानेचा आहे हो! स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे झुकतो, वर होत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी आणि अंतर हातभर. वरखाली होणारा स्टँड बजेटमध्ये बसला नाही तर निदान मागे व्हेसाची चार भोकं आहेत ना एवढं बघून घ्या, ७५ किंवा १०० मिलिमीटरची, म्हणजे पुढे कधी आर्म (मॉनिटर हवा तसा धरून ठेवणारा हात) लावता येतो. काही स्वस्त मॉडेल्सना ही भोकंच नसतात आणि साइटवर ते ठळक लिहीत नाहीत. तोपर्यंत खाली पाट ठेवलात तरी मानेला फरक पडतो, फक्त मग कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या, नाहीतर हात लॅपटॉपवर आणि डोळे वर अशी अवघड बैठक होते.

नवा २४ इंची आयपीएस चांगल्या ब्रँडचा साधारण साडेसात ते दहा हजारांत मिळतो. पण जुना घ्यायची तयारी असेल आणि मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले मॉनिटर बघा. डेलच्या पी सिरीजचे, म्हणजे पी२४१९एच सारखे, आयपीएस आणि वर-खाली-आडवा-उभा सगळीकडे फिरणारा स्टँड, नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. उभा फिरवून लांब लेजर एका नजरेत बघायला काय मजा येते ते करून बघा एकदा. जुना घेताना मागच्या स्टिकरवर बनल्याची तारीख वाचा, एलईडी बॅकलाइटच आहे ना विचारा (फार जुने ट्यूबवाले पिवळे पडतात), आणि पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा स्क्रीन लावून निदान पंधरा मिनिटं चालू ठेवायला सांगा, कारण काही डाग गरम झाल्यावरच दिसतात. दुकानदार घाई करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

नवा ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोधा, परतीची मुदत छोटी असते आणि एकदोन पिक्सेलला कंपन्या वॉरंटीत बदलून देतीलच असं नाही. जोडल्यावर रंग धुतल्यासारखे आणि काळा राखाडी वाटला तर लगेच परत करू नका, इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये क्वांटायझेशन रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी) 'फुल' करा, बऱ्याच वेळा एचडीएमआय केबलवर ती 'लिमिटेड' होऊन बसलेली असते आणि लोक उगाच मॉनिटरला नावं ठेवतात.

किमतीचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तो ३२ इंचांवरच्या टीव्ही-मॉनिटरवर, २४ इंचीवर तो आधीपासून १८ च होता, तेव्हा 'जीएसटी कमी झाल्याची खास सूट' असं कोणी सांगितलं तर ती सूट धरून भाव करू नका. तुमचा जीएसटी नंबर असेल तर बिलावर घालून घ्या, टॅक्स क्रेडिटचं तुम्हाला मी काय सांगणार. वॉरंटी ३ वर्षांची आहे ना आणि नाशिकमध्ये घरी येऊन बघतात की खोकं घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं, हे घेण्याआधी फोन करून विचारा.

लॅपटॉपचं मॉडेल लिहिलं नाहीत, ते टाका, शक्य असेल तर बाजूच्या पोर्टचा फोटोही. फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं पोर्ट) असेल तर मॉनिटरलाही व्हीजीए असलेला शोधावा लागेल, आणि नुसतं टाइप-सी असेल तर त्यातून डिस्प्ले निघतो की नाही ते मॉडेलवरून बघून सांगते.