केळीचं जेवण

प्रश्न : आमच्या सावद्याची केळी ट्रकने उत्तरेला जाते. युगांडात म्हणे केळी हेच जेवण? (एक शेतकरी, सावदा)

उत्तर : खरंच आहे. मी कंपालात दोन वर्षं राहिलो, तिथं पहिल्याच आठवड्यात ‘माटोके’ ताटात आलं. कच्ची हिरवी केळी सोलायची, केळीच्याच पानांत बांधून वाफवायची, पिवळी झाली की पानावरूनच दाबून मऊ करायची. वरून शेंगदाण्याचं दाट कालवण. मला तर आपल्या भरिताची सय आली, फक्त मिरचीचा ठसका नाही! (मी डब्यातला ठेचा काढला.) गोड केळी तिथं वेगळी आणि दारूची त्याहून वेगळी. गंमत म्हणजे केळी मूळची आफ्रिकेची नाहीच. ती आशियातूनच तिकडे गेली.