ज्याला सुतक नसतं

"मला सुतक नव्हतं ना ताई, म्हणून मी तिसऱ्याच दिवशी देवपूजा केली. आणि गंध उगाळता उगाळता मला माझीच किळस आली."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या गुरुजींचं हे पहिलं वाक्य. वय बाहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. धोतर नाही, पण टोपी पांढरीशुभ्र. सून घेऊन आली होती. तिची तक्रार अशी, की बाबा पाच महिने नीट जेवत नाहीत, पहाटे सहाला दचकून उठतात, फोन हातात घेऊन बसतात. आणि मग दाराआड येऊन तिनं हळूच तो प्रश्न विचारला, जो मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच: "मॅडम, गेला तो मित्र होता. सख्खं कुणी नाही. मग इतकं होतं का कुणाला? सासूबाई गेल्या तेव्हाही बाबा असे नव्हते."

हे लिहायला गुरुजींची परवानगी आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांनी एकच अट घातली, शुद्धलेखन तपासून घ्या.

मित्राला आपण मेजर म्हणू. साताऱ्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, शिपाई म्हणून गेला असला तरी. हा भागच तसा. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्तंभ गावात आहे. भरतीची जाहिरात आली की अख्खी आळी निघायची. 1969 साली हे दोघे एकाच सायकलवरून स्टँडपर्यंत गेले आणि तिथून एसटीनं कोल्हापूरला. मेजर भरती झाला. गुरुजींची छाती पाऊण इंचानं कमी पडली. ते डीएड करून मास्तर झाले.

71 च्या लढाईत मेजर पाकिस्तानातल्या शकरगडच्या आघाडीवर होता. तो सगळा पट्टा सुरुंगांनी पेरलेला. 17 डिसेंबरला रात्री आठला पश्चिम सीमेवर युद्धविराम झाला. मेजरचा डावा पाय त्याच दिवशी दुपारी गेला, गुडघ्याखाली. पुढे पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नवा पाय बसवला. 1944 पासून चालू असलेली ही संस्था, आणि अशा पायांवर चालायला शिकून गावी परतलेली माणसं आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. गुरुजी दर सुट्टीला पुण्याला जायचे. लाकडी दांड्या धरून मित्र कसा चालायला शिकला, हे त्यांनी मला खोलीत उठून करून दाखवलं.

मेजर कसा होता, असं विचारलं की गुरुजी आधी भाषणासारखं बोलायचे. "देशासाठी अवयव अर्पण केलेला..." मी थांबवायचे. मग खरा मेजर हळूहळू बाहेर यायचा. रमीत पत्ते लपवणारा. नातवाच्या शाळेत सत्काराला बोलावलं की पोट दुखतंय म्हणून पडून राहणारा. 65 च्या लढाईत जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. ते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे गावात जो तो त्यांचं उदाहरण मेजरला द्यायचा. मेजर म्हणायचा, "पेटकर थोर हायत रं. माझं एवढंच म्हणनं हाय, मला संडासला नीट बसता येऊ दे, मग बघू पदकाचं." कमोड येईपर्यंत घरात त्यानं बारा वर्षं काढली होती.

आणि नसलेल्या पायाची करंगळी खाजायची. हे नाटक नसतं. अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, आणि तिथून खाज, चमक, कळ असं सगळं येत राहतं. मेजर ओरडायचा, "गुर्जी, खाजव की!" आणि गुरुजी मुकाट्यानं त्या कृत्रिम पायाची पुढची बाजू खाजवायचे. "हां, आता बरं वाटलं." पन्नास वर्षं हा खेळ. ऐकताना मला एक उपमा सुचली होती, तुम्हालाही सुचली असेल. मी ती बोलले नाही. समुपदेशकानं स्वतःला सुचलेल्या छान उपमा गिळायला शिकावं.

पहिल्या भेटीत मी कंटाळवाणी कामं केली. वजन, झोप, साखर, रक्तदाब. फॅमिली डॉक्टरांकडे तपासणीला पाठवलं. उतारवयात दुःख, नैराश्य आणि थायरॉइड वरून एकसारखेच दिसू शकतात. आणि सरळ विचारलं, "गुरुजी, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसं भरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "नाही. पण सहा वाजू नयेत असं वाटतं." पहाटे सहाला मेजर मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे चहा ठेवलाय, ये. (ज्यांच्या मनात तसे विचार येतात त्यांनी आणि घरच्यांनी भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.)

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला त्याच दिवशी दिलं. दुःख नात्याच्या नावावर मोजलं जात नाही, रोजच्या सहवासावर मोजलं जातं. सासूबाई गेल्या तेव्हा दारात मांडव भरून माणसं होती, बाबा तेरा दिवस कोपऱ्यात बसले तरी कुणी 'का' म्हणालं नाही. मेजर गेला तेव्हा बाबांना कुणी कोपरा दिलाच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं 1989 साली अशा दुःखाला एक नाव दिलं, त्याचं मराठी करायचं तर 'मान्यता न मिळालेलं दुःख'. मित्र, सोडून दिलेला जोडीदार, पोटात गेलेलं मूल, पाळलेला बैल. समाजाच्या वहीत यांच्या नावानं खातंच नसतं. आपल्याकडे त्या वहीचं नाव सुतक. ते कुणाला किती दिवस, हे पक्कं ठरलेलं. कधी तोंड न पाहिलेल्या चुलतभावालाही लागतं. साठ वर्षं सोबत असलेल्या मित्राला नाही.

मग किती दिवस हे चालायचं? पाच टप्पे असतात म्हणे, आमचे बाबा कितव्यावर आहेत, असंही लोक विचारतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते पाच टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्यांशी बोलून; मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. दुःख एसटीसारखं थांब्याथांब्यानं जात नाही. मात्र सहा महिने, वर्ष उलटूनही माणूस रोज पहिल्या दिवसाइतकाच खचलेला असेल, रोजची कामं होत नसतील, तर त्याला 'लांबलेलं दुःख' म्हणून वेगळे उपचार लागतात. गुरुजी त्या उंबरठ्याच्या अलीकडे होते.

त्यांना माझ्याकडे आणलं ते नोव्हेंबरनं. दर नोव्हेंबरला पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोघे बरोबर जायचे, गुरुजी दोघांचे फॉर्म भरायचे आणि मेजर खिडकीशी ओरडायचा, "सायब, बघा बरं, जिता हाय का मी?" मेजर गेल्यावर वहिनींच्या कुटुंब पेन्शनसाठी बँक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सगळीकडे गुरुजीच हिंडले होते. तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. पण नोव्हेंबरात स्वतःचा दाखला द्यायला एकटे गेले आणि काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, "आजोबा, तुमचे ते जोडीदार नाही आले?" गुरुजी तिथंच खाली बसले.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी त्यांना मित्राला पत्र लिहायला सांगितलं. पुस्तकात हा उपाय आहे, खूप जणांना उपयोगीही पडतो. मास्तरला मी निबंध दिला! आठवड्यानं ते चार पानं घेऊन आले. समास आखलेला, वर 'कैलासवासी', खाली 'आपला नम्र'. एकही खोडाखोड नाही, एकही खरी ओळ नाही. मी ते वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, मेजरच्या बाबतीत तुम्ही कुणालाही न सांगितलेली गोष्ट कोणती?"

बराच वेळ ते टोपीची घडी करत बसले. मग दहाव्याचं सांगितलं.

मेजर गेला तेव्हा माउलींची पालखी लोणंदला होती. हृदयविकाराचा झटका, तासाभरात सगळं संपलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर झाडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली उतरेना. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. भाऊ म्हणाला, विहिरीचा वाद मिटवीन. कुणी म्हणालं, पालखीला दरवर्षी पंगत घालू. तास गेला. गुरुजी मागे, सुतक नसलेल्यांच्या घोळक्यात उभे होते. आणि त्यांना माहीत होतं मेजरला काय हवं होतं.

तंबाखू.

तोंडात पांढरा चट्टा दिसला तेव्हा वहिनींनी त्याला मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मेजरनं शपथ घेतली आणि पुडी पायात ठेवायला सुरुवात केली. कृत्रिम पायाच्या मोज्यात. तिथं कोण बघणार? पुडी आणून द्यायचे गुरुजी.

"मी पुढं होऊन कसं सांगू, ताई? वहिनी तिथंच उभ्या. मित्राला मेल्यावर खोटा पाडू? आणि मी कोण? शेवटी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. तो उपाशी गेला. आणि ती पुडी मीच पोचवायचो. त्यानंच तर नसेल गेला?"

कावळ्याबद्दल माझं मत इथे बिनकामाचं आहे. तंबाखूबद्दल मात्र खोटं बोलणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "तंबाखूनं हृदयाला अपाय होतोच. तुम्हाला ते कळत होतं, त्यालाही कळत होतं. झटका त्यानंच आला का, हे तुम्ही आणि मी बसून ठरवू शकत नाही. पण गुरुजी, त्याला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं होतं का?"

"नाही."

"का?"

तेव्हा ती पाऊण इंच छाती बाहेर आली. पन्नास वर्षं हा माणूस मनात एक हिशेब मांडून बसला होता: आम्ही दोघे एका सायकलवर गेलो, त्याचा पाय गेला आणि माझे दोन्ही राहिले. फॉर्म भरणं, पाय खाजवणं, रमीत मुद्दाम हरणं, पुडी आणणं, सगळे त्या कर्जाचे हप्ते. मेजर गेला आणि हप्ता कुठं भरायचा हेच कळेना. पुढच्या चार भेटी आम्ही या हिशेबातच घालवल्या. त्यातलं एकच सांगते. मी विचारलं, मेजरला हे कर्ज माहीत होतं का? गुरुजी पहिल्यांदा हसले. "तो म्हणायचा, बरं झालं तू नापास झालास. तू असतास तर सुरुंग बघायचं सोडून माझं शुद्धलेखन तपासत बसला असतास."

भूक हळूहळू परतली. सहाची जाग गेली नाही, आम्ही ती घालवायच्या मागेही लागलो नाही. सुनेला म्हटलं, सहाला उठून त्यांच्याबरोबर चहा घ्या, काही बोलू नका. ती बोलायचीच म्हणे, पण चालेल.

वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लागला. कोवळा मेजर, हातात बंदूक, मागे तिरंगा आणि डरकाळी फोडणारा वाघ. गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते आधी माझ्याकडे येऊन गेले होते, कागद न घेता बोलायचं ठरलं होतं. त्यांनी सायकल सांगितली, लिंब सेंटर सांगितलं, रमीतले लपवलेले पत्ते सांगितले आणि संडासचं वाक्य, जसंच्या तसं. आमदारांचे प्रतिनिधी जरा गोंधळले. माजी सैनिकांच्या रांगेतून सगळ्यात आधी हशा आला. तंबाखूचं तिथं सांगितलं नाही. पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना सांगितलं, उभ्याउभ्याच.

वहिनी काही बोलल्या नाहीत. नातवाला माळ्यावर चढवलं. जुन्या चादरीत गुंडाळलेला पाय खाली आला. तो चितेवर ठेवायचा की नाही यावर तेव्हा घरात वाद झाला होता, आणि वादात तो राहूनच गेला होता. वहिनींनी मोज्यात हात घालून पुडी काढली.

"ही मला तिसऱ्या दिवशीच सापडली. दहाव्याला पदराखाली घेऊनच उभी होते, भावजी. म्हटलं तुम्ही पुढं व्हाल, मग मी काढीन. तुम्ही काही बोलंनात."

हे सांगून गुरुजी थांबले. मी विचारलं, "मग?"

"मग काय. गच्चीवर नेऊन कठड्यावर ठेवली. कावळा काही आला नाही. शेजारचं मांजर आलं, हुंगलं, शिंकलं आणि गेलं." टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "मेजरचं आणि त्या मांजराचं कधी पटलंच नाही."