पुस्तकं वाचून, पिक्चर बघून लीडर होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय की तुम्हाला नुकतंच टीम लीडर केलंय, हाताखालची बरीच माणसं वयाने मोठी आहेत, कंपनी ट्रेनिंग-बिनिंग काही देणार नाही, आणि तुमचा मित्र म्हणतो की गोष्टीची पुस्तकं वाचून, पिक्चर बघून आणि डायरी लिहून कोणी साहेब होत नसतो. तो खरं बोलतोय का, आणि नसेल तर काय वाचू, काय बघू.

मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, मूळचा चोपड्याकडचा. मॅनेजमेंटची डिग्री नाही. वाचनाची सवय गावातल्या वाचनालयामुळे लागली आणि पिक्चरची कशामुळे लागली ते सांगायची गरज नाही. त्यामुळे हे उत्तर कोर्स केलेल्या माणसाचं नाही, एवढं धरून वाचा.

मित्राला सांगा की अमेरिकेत स्टॅनफर्डला जेम्स मार्च नावाचे प्राध्यापक होते, संस्था आणि निर्णयप्रक्रिया या विषयात मोठं नाव, त्यांनी लीडरशिपचा कोर्स कितीतरी वर्षं कंपन्यांच्या केस स्टडीवर नाही तर ऑथेल्लो, सेंट जोन, वॉर अँड पीस आणि डॉन किहोते या चार पुस्तकांवर शिकवला. तिथल्या पोरांना ते गोष्टींवर शिकवत होते, मग आपण वाचलं तर काय बिघडलं. पण मित्राचं एक म्हणणं मला मान्य आहे. बहुतेक लोक ज्या पद्धतीने वाचतात किंवा पिक्चर बघतात त्याने काहीच होत नाही, उलट डोक्यात हवा जाते. कारण आपण पहिल्या पानापासून हिरोच्या खांद्यावर बसतो. महाराजांवरचा पिक्चर बघून थिएटरबाहेर पडणारा प्रत्येक जण स्वतःला महाराज समजतो, त्यांच्या फौजेतला रात्रभर चाललेला मावळा कोणीच समजत नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला येऊन हाच माणूस हेल्परवर ओरडतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पुस्तक असो की पिक्चर, ज्याच्यावर हुकूम चालतो त्याच्या जागी बसून वाचा, बघा. लीडरने काय केलं हे तर दिसतंच, पण त्याने ते केलं तेव्हा समोरच्याला काय वाटलं, तो का ऐकला, का नाही ऐकला, कुठे त्याने नुसती मान हलवली आणि मनात शिवी दिली, ते शोधायचं. तुम्हाला तर याची जास्तच गरज आहे, कारण तुमच्यासमोर वयाने मोठी माणसं आहेत आणि ती तोंडावर काही बोलणार नाहीत.

उदाहरण देतो. 'एक रुका हुआ फैसला' बघा, बासू चॅटर्जींचा, 1986 चा. तो 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या 1957 च्या अमेरिकन पिक्चरवरून केलाय, जमलं तर दोन्ही बघा. जवळपास सगळा पिक्चर एका खोलीत. बारा ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे एकमताने ठरवायला बसवलेली साधी माणसं, एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, अकरा जण म्हणतात दोषी, एकटा म्हणतो आधी बोलू तरी. सगळे त्या एकट्याचं कौतुक करतात, आठ नंबरचा ज्युरी, आणि लीडरशिपच्या वर्कशॉपमध्येही त्याचंच नाव घेतात. मी म्हणतो नऊ नंबरच्या म्हाताऱ्याकडे बघा. एका क्षणी आठ नंबरवाला म्हणतो की तुम्ही अकरा जण चिठ्ठ्या टाका, मी टाकत नाही, अकराही चिठ्ठ्या दोषी निघाल्या तर मी तुमच्यासोबत, पण एक जरी वेगळी निघाली तर बसून बोलायचं. आणि एक निघते. ती त्या म्हाताऱ्याची. आता त्याच्या जागी बसून विचार करा. त्याला पोरगं निर्दोष आहे असं काही वाटत नव्हतं, त्याला एवढंच वाटलं की हा माणूस एकटा उभा राहिलाय, त्याचं ऐकून तरी घेऊ. आणि चिठ्ठी गुप्त होती म्हणून त्याला ते करता आलं, हात वर करून मत मागितलं असतं तर तो बहुतेक गप्प बसला असता. यातून मी काय घेतलं? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'कोणाला काही अडचण आहे का' असं विचारणं मी बंद केलं. कोण बोलणार आहे? आता चहाच्या वेळेला एकेकाला गाठतो, तेही वयाने मोठ्या माणसाला आधी, आणि विचारायची पद्धतपण बदलली, 'काका, हे असं करू का, तुम्ही असता तर काय केलं असतं' अशी. खरं सांगतो, यामुळे जे कळतं ते रजिस्टरमध्ये कधीच येत नाही.

दुसरा 'मंथन', 1976, श्याम बेनेगल. हा आपल्याकडच्या माणसाने तर बघायलाच पाहिजे, गावागावात दूध सोसायट्या आहेत आपल्या, फॅटवरून भांडणं कोणी बघितली नाहीत? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून हा पिक्चर केला, कथेत अमूलवाल्या वर्गीज कुरियन यांचा हात, पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि स्मिता पाटील, तिचं घराणं आपल्या शिरपूरचं (हे सांगितल्याशिवाय खान्देशी माणसाला पुढे जाता येत नाही). यात डॉक्टर राव शहरातून येतो, चांगला माणूस आहे, प्रामाणिक आहे, दुधाचा फॅट मोजून योग्य भाव द्यायला लागतो. पहिल्यांदा बघताना आपण रावच असतो. दुसऱ्यांदा भोला होऊन बघा, नसीरुद्दीन शाहचा. भोलाच्या आईला एका शहरी माणसाने फसवलेलं असतं, त्यामुळे शहरातून आलेला प्रत्येक चांगला माणूस त्याला फसवणाराच वाटतो. रावची पहिली भाषणं त्याच्या कानाने ऐका, किती पोकळ वाटतात ती. तुमच्या टीममधल्या जुन्या माणसांनी तुमच्याआधी असे किती लीडर बघितले असतील, प्रत्येक जण येतो, दोन महिने नवीन नवीन नियम काढतो आणि प्रमोशन घेऊन पुण्याला जातो. ते तुमच्यावर नाराज नसतात, ते वाट बघत असतात की हा कधी जातो.

आणि या पिक्चरचा शेवट मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. रावची बदली होते, म्हणजे त्याला घालवतातच, आणि सोसायटी बंद पडणार असं वाटत असताना भोला ती पुढे चालवायला घेतो. राव गेल्यावर. म्हणजे रावने जे केलं ते यशस्वी झालं की नाही हे तो तिथे असताना कळतच नाही. आमच्याकडे एक मॅनेजर होते, हुशार, सगळं तोंडपाठ, पण ते सुट्टीवर गेले की प्लांट अडखळायचा आणि याचा त्यांना अभिमान वाटायचा. कामगार त्यांच्याबद्दल अहिराणीत म्हणायचे, 'साहेब बोलतस जास्ती, आयकतस कमी.' त्यांच्यापर्यंत ते कधी पोचलं नाही, पोचणार कसं.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (1954) तीन तासांच्या वर आहे, एका बैठकीत झाला नाही तर दोन रात्री लावा. त्यात सात सामुराई, म्हणजे तलवारबाज लढवय्ये, दरोडेखोरांपासून एका गावाचं रक्षण करायला येतात, आणि त्यासाठी पुलापलीकडची तीन घरं सोडून द्यायचं ठरतं. ती तीन घरं ज्यांची आहेत ते भाले टाकून निघतात, आणि सामुराईंचा म्होरक्या तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो. तो बरोबर आहे हे आपल्याला कळतं. पण घर ज्याचं जातं त्याला बरोबर-चूक कळून काय उपयोग? ओव्हरटाइम कापायची वेळ आली, कोणाला रात्रपाळी द्यायची वेळ आली की मला ही तीन घरं आठवतात. निर्णय बदलत नाही, पण नोटीस लावून सांगायचं की स्वतः जाऊन सांगायचं, हे बदलतं.

आता पुस्तकं. मोटिव्हेशनची जी चकचकीत पुस्तकं स्टेशनवर मिळतात त्यातल्या बहुतेकांत एका पानाचा मजकूर दोनशे पानांत असतो, ती वाचू नका असं नाही, पण त्यावर थांबू नका. 'कोसला' वाचली नसेल तर वाचा, नेमाडे सांगवीचे, यावल तालुक्यातले, 1963 ची कादंबरी. लोक ती तरुणपणाच्या वैतागासाठी वाचतात, तुम्ही होस्टेलच्या भानगडींसाठी वाचा, उत्साहाने पुढे पुढे करणाऱ्या पोराचा लोक कसा वापर करून घेतात ते त्यात आहे. नवीन लीडरला हे कोणी सांगत नाही. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' जाडजूड आहे, पण नेपोलियनविरुद्धच्या ऑस्टर्लिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्रीची मीटिंग तेवढी तरी वाचा, ऑस्ट्रियन जनरल भलामोठा प्लॅन वाचून दाखवतोय आणि रशियन सेनापती कुतुझोव्ह चक्क झोपलाय. हसू येतं, मग पुढे लढाईत त्या प्लॅनचं काय होतं ते वाचल्यावर आपल्या मीटिंगा आठवतात.

खान्देशातच शोधायचं तर साने गुरुजींकडे बघा, पण फक्त 'श्यामची आई'चे लेखक म्हणून नको. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते छात्रालय सांभाळायचे आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. रोज. वॉर्डन माणूस, छडी घेऊन फिरला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं, त्या जागी हा माणूस लिहीत बसायचा. आणि मग 1932 ची धुळ्याच्या जेलमधली गोष्ट. विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे, आणि ते शब्द न शब्द उतरवून घेणारे होते साने गुरुजी. आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे ते त्यामुळे. म्हणजे गुरुजी स्वतः शेकडो मुलांना घडवलेला माणूस, आणि तिथे ते चुपचाप श्रोता होऊन लिहून घेतायत. मला विचाराल तर नेतृत्वावरचं सगळ्यात चांगलं उदाहरण हे आहे, आणि आपण धुळ्यावरून कितीदा तरी जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

आत्मपरीक्षणाचं म्हणाल तर त्यात एक धोका आहे. रात्री पडल्या पडल्या 'मी असं का बोललो, तो काय समजला असेल' हे आत्मपरीक्षण नाही, ते नुसतं कुढणं आहे. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलंय, कितीही हाकला परत पिकातच. म्हणून कागद पाहिजे. मॅनेजमेंटवर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी सांगितलेली एक पद्धत आहे, मी तीच वापरतो: कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेतला की त्याच दिवशी लिहून ठेवायचं की यातून काय होईल असं मला वाटतं, आणि नऊ-बारा महिन्यांनी उघडून बघायचं. शिफ्टच्या कामाला एवढं थांबता येत नाही, मी तीनेक महिन्यांनी बघतो. माणसांबद्दलचे माझे अंदाज मशीनबद्दलच्या अंदाजांपेक्षा बरेच जास्त चुकतात, हे मला त्या वहीमुळे कळलं, नाहीतर मी उलटंच समजत होतो.

यात मी माझी एक भर घातलीय. ज्या दिवशी कोणाशी वाजलं असेल त्या दिवशी तोच प्रसंग त्या माणसाच्या तोंडून लिहायचा, 'मी' म्हणजे तो. 'आज साहेब आला, माझ्या मशीनपाशी उभा राहिला, सगळ्यांसमोर विचारलं' असा. पाच-सहा ओळी बस. पहिल्यांदा खूप विचित्र वाटेल आणि तुम्ही त्याला खोटं बोलायला लावाल, म्हणजे त्याच्या तोंडून स्वतःचीच बाजू मांडाल. तरी लिहीत राहा. वर पिक्चर दुसऱ्याच्या जागी बसून बघा म्हटलं ना, तीच सवय इथे कामाला येते.

आणि मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट, इ. स. 161 ते 180, त्याची वही आज 'मेडिटेशन्स' नावाने मिळते, ती त्याने स्वतःसाठीच लिहिली होती. सगळी वाचली नाही तरी पहिला भाग वाचा. त्यात तो फक्त कोणाकडून काय शिकलो याची यादी करतो, आजोबांकडून हे, आईकडून हे, अमक्या शिक्षकाकडून ते. अख्ख्या साम्राज्याचा मालक. तुम्ही पण अशी यादी करून बघा, आणि त्यात तुमच्या टीममधल्या माणसांची नावं येतात का बघा. एकही येत नसेल तर मला वाटतं त्यांच्याकडे अजून नीट बघितलेलं नाही.

सुरुवात कुठून करायची असेल तर या रविवारी 'एक रुका हुआ फैसला' लावा, पण म्हातारा चिठ्ठी टाकतो त्याच्या आधी पॉज करून लिहा की तुम्ही त्या खोलीत असता तर काय केलं असतं, खरं खरं. पुस्तकांसाठी जळगावात असाल तर व. वा. वाचनालय आहे, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय आहे. बाकी ऑस्टर्लिट्झवाला भाग मिळाला नाही तर कमेंटमध्ये विचारा, माझ्याकडच्या प्रतीत बघून पान सांगतो. सध्या रात्रपाळी चालू आहे म्हणून उत्तर उशिरा येईल.