वाचक विचारतात : मिथेनपाशी राहणारे कायटन

प्रश्न : कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढच्या खोल समुद्रात तळातून मिथेन येतो असे वाचले. तळ तर चिखलाचा. दगडाला चिकटून राहणारा कायटन (आठ पट्ट्यांच्या कवचाचा समुद्री मृदुकाय प्राणी) अशा ठिकाणी टिकतो कसा? (वाई)

उत्तर : वाईवरून वाहणारी कृष्णा गोदावरीच्या जोडीने जो गाळ बंगालच्या उपसागरात नेते, त्यातले सेंद्रिय द्रव्य खोल गाडले गेले की सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. हा वायू वर येताना दुसरे सूक्ष्मजीव पाण्यातल्या सल्फेटच्या मदतीने तो खातात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि बायकार्बोनेट तयार होते. बायकार्बोनेटची कॅल्शियमशी गाठ पडली की चिखलातच कार्बोनेटचा खडक धरतो. कायटनला हवा असतो तो हाच. मिथेन झिरपणाऱ्या जागी आधी शिंपले नव्हे, असे खडक उलटून पाहावेत. या भागातले जिवंत झिरपे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 2018 च्या मोहिमेत सापडले.

प्रश्न : अशा जागचे सगळे कायटन एकाच गटातले धरावेत का? (मिरज)

उत्तर : मुळीच नाही. पत्त्यावरून आडनाव ठरत नाही. जपानजवळच्या ओकिनावा ट्रफ या खोल समुद्रातल्या खळग्यात एकाच उष्ण झऱ्यापाशी मिळालेल्या दोन जातींचे वर्णन 1990 मध्ये झाले : लेप्टोकायटन टेन्युइडोंटस आणि थर्मोकायटन उंडोकोस्टाटस. दोघे वेगळ्या गणांतले (ऑर्डर). सागामी उपसागरातल्या मिथेन झिरप्यावरची प्लासिफोरेला मिथॅनोफिला ही तर ज्या प्रजातीत (जीनसमध्ये) मोडते, तिचे सदस्य डोक्यापुढचा पडदा आपटून छोटे कवचधारी पकडतात.

प्रश्न : नमुना हाती आल्यावर कामाचा क्रम काय? (प्राणिशास्त्र विभाग, कराड)

उत्तर : क्रम चुकला की पुरावाच नष्ट होतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी जिवंतपणीच रंगाचे फोटो घ्या. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो. मग गोड्या पाण्यातले साडेसात टक्के मॅग्नेशियम क्लोराइड आणि थंड समुद्रपाणी समसमान मिसळून प्राणी त्यात शिथिल करा. घाई केली तर तो चेंडूसारखा वळतो आणि कल्ले झाकले जातात. शिथिल झाल्यावर एखाद्या सपाट फळीवर पसरून दोऱ्याने बांधा. पायाचा दीड-दोन मिलिमीटर तुकडा डीएनएसाठी 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, बाकी प्राणीही त्यातच. इथेनॉल किमान दसपट, दुसऱ्या दिवशी बदलायचे. फॉर्मालिन नको : डीएनए खराब होतो आणि ते आम्लधर्मी झाले की ॲरॅगोनाइटच्या कवचपट्ट्या झिजवते.

कल्ले मोजा, गुदद्वारापासून कुठे संपतात ते टिपा. लहान पिल्लात ते कमी असतात, त्यामुळे प्राण्याची लांबी सोबत लिहा. पट्ट्यांवर काळा किंवा गंजाच्या रंगाचा खनिजथर असतो. फोटो काढल्याशिवाय तो खरवडू नका, खालचे दाणे निघून येतात.

त्यानंतर मेखलेचा (पट्ट्यांभोवतीच्या मांसल कडेचा) तुकडा कापून वेगळा ठेवा. आधी सगळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकले तर तिचे खवले सुटून जागा हरवते. आता 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम (हातमोजे हवेतच) असे त्याचे द्रावण करून रॅड्युला (दातांच्या ओळी असलेली जिभेसारखी पट्टी) आणि कवचपट्ट्या सोडवा. आठही पट्ट्या रोमन आकड्यांनी पुढून मागे ओळीत मांडा.

निर्णय पट्टीच्या कडेवर आहे. लेपिडोप्लुरिडा गणात इन्सर्शन प्लेट (पट्टीची मेखलेत रुतणारी कड) नसते किंवा असली तरी बिनखाचेची. कायटोनिडामध्ये खाचा असतात. एखादी तुटलेली कड खाचेसारखी दिसते, म्हणून किमान तीन पट्ट्या पाहा.

रॅड्युलाच्या एका ओळीत 17 दात. मॅग्नेटाइट या लोहखनिजाने मढलेल्या मोठ्या दाताची टोके मोजायची ती मधल्या ओळींवर. पुढचे दात झिजलेले असतात, मागचे अजून लोहाने मढलेले नसतात.

प्रश्न : एकाच नमुन्यावरून नवी जाती जाहीर करता येते? (सांगली)

उत्तर : नियमाने येते. होलोटाइप (ज्यावर नव्या जातीचे नाव ठरते तो नमुना) ठरवून संग्रहालयाला द्यायचा, आणि प्रकाशन केवळ ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. पण कल्ल्यांची संख्या आणि पट्ट्यांवरची नक्षी वयानुसार बदलते, तेव्हा मोठा आणि लहान असे दोन्ही नमुने हाताशी नसतील तर आम्ही थांबायचा सल्ला देऊ.