डबल हल असूनही टँकरमधून तेल का सांडतं?

"डबल हल आलं तरी तेल सांडतंय, म्हणजे खलाशांचा निष्काळजीपणाच ना? अजून काय करता येईल?" असं विचारलंय तुम्ही. निष्काळजीपणा हा शब्द लागला बघा. मी खानापूर तालुक्यातला, अकरा वर्षं टँकरवर होतो, शेवटी पंपमन, म्हणजे तेलाचे पंप आणि व्हॉल्व्ह बघणारा.

डबल हल, म्हणजे जहाजाच्या बुडाला आणि बाजूंना एकात एक अशी दोन कवचं, पाहिजेच. १९८९ ला अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं ते सिंगल हलचं, म्हणून तर अमेरिकेनं १९९० ला डबल हल सक्तीचं करणारा कायदा केला. पण कॅप्टनच्या दारूचं सगळे सांगतात, ब्रिजवर जहाज चालवणारा थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी, थकलेला होता हे चौकशीत आलं ते कोण सांगत नाही. २०१८ ला पेटलेलं सांची तर डबल हलचंच होतं, टक्कर झाली आणि ३२ च्या ३२ माणसं गेली.

माझं सांगतो. डिझेलचं लोडिंग, पहाटेचे तीन, टॉपिंग ऑफ, म्हणजे टाकी शेवटची वरपर्यंत भरणं, चालू. आदल्या दिवशी टँक क्लीनिंग, मग मूरिंग (जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं), मग लगेच वॉच (पहाऱ्याची पाळी), २० तास पाठ टेकलेली नाही. युलेज, म्हणजे टाकीत वर किती जागा उरली ते, बरोबर वाचलो पण वॉकीटॉकीवर शेजारच्या टँकचा नंबर सांगितला, आणि अलार्म वाजून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत डिझेल उसळून डेकवर. संध्याकाळी स्कपर प्लग, म्हणजे डेकवरचं पाणी समुद्रात जायच्या भोकांची बुचं, मीच एकेक ठोकून बघितलेले म्हणून समुद्रात थेंब गेला नाही. उजाडेपर्यंत गुडघ्यावर बसून भुसा टाकून पुसत होतो. रिपोर्टमध्ये लिहिलं, मानवी चूक. नियम काय तर २४ तासांत १० तास आराम, आठवड्याला ७७. आरामाच्या शीटवर माझे १० तास भरलेले आणि खाली माझीच सही, महिनाअखेरीला सगळ्यांकडनं घ्यायचे तशी.

निपाणीचे आमचे दाजी, लॉऱ्या आहेत त्यांच्या, अजून म्हणतात, "सही तूच केलास की, मग चूक कुणाची? माझे ड्रायव्हर रात्रभर बेंगळूर रोडला असतात, ते काय रडत्यात काय?" दाजी, सही केलो नसतो तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नसतं, आणि आक्काच्या लग्नाचं कर्ज त्याच पगारातनं फिटलंय. तुमच्या ड्रायव्हरलाही झोप द्या.

तर करायचं काय, जहाजावर माणसं वाढवा, आणि बंदरात तपासायला येणाऱ्यांनी आरामाची शीट नुसती बघू नये, मूरिंगच्या आणि कार्गोच्या लॉगमधल्या वेळांशी जुळवून बघावी, तासाभरात खोटं उघडं पडतं.

सगळीच जहाजं तशी नसतात हे पण खरं. माझ्या शेवटच्या जहाजावर चीफ ऑफिसर टॉपिंग ऑफच्या आधी प्रत्येकाला विचारायचा, किती तास झोपलास, आणि कमी सांगितलं तर दुसरा माणूस उभा करायचा.