‘टू द लाइटहाउस’च्या मधल्या भागात जवळजवळ माणसंच नाहीत, मग तो नात्यांबद्दल कसा?

व्हर्जिनिया वुल्फच्या या १९२७ च्या कादंबरीचा दुसरा भाग रटाळ वर्णन समजून बरेच जण चाळून टाकतात. तिथेच कादंबरी हातातून निसटते, कारण नात्यांचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच भागात होतं.

वाचताना पेन्सिल घ्या आणि चौकटी कंसातली वाक्यं अधोरेखित करा. मिसेस रॅमझी, म्हणजे या घरातली आई, गेल्याचं तिथेच कळतं, तेही नवऱ्यावरच्या वाक्यात ओझरतं. तिची मुलगी प्रू बाळंतपणात जाते, मुलगा अँड्र्यू फ्रान्समध्ये युद्धात. कंसाबाहेर दहा वर्षं वारा, ओल आणि अंधार रिकाम्या घरात फिरत राहतात.

आता शाल शोधा. पहिल्या भागात मुलांच्या खोलीतल्या डुकराच्या कवटीला धाकटी मुलगी कॅम घाबरते, पण तिचा भाऊ जेम्सला ती काढू द्यायची नसते. मिसेस रॅमझी अंगावरची शाल कवटीभोवती गुंडाळते. दोन्ही मुलांचं समाधान होतं. तिच्या मृत्यूच्या पुढच्याच प्रकरणात त्या शालीची एक घडी सुटते, आणि तिचा आवाज कसा, तर डोंगरापासून कडा तुटल्यासारखा! मृत्यूला अर्धं वाक्य आणि घडीला कडा. आईनं जोडून ठेवलेलं घर कसं उसवतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

एक चूक टाळा: हा निसर्ग शोक करतोय असं वाचू नका. त्याला या माणसांचं काहीच नाही, आणि म्हणूनच घर साफ करणारी मिसेस मॅकनॅब झाडू-बादली घेऊन येते तेव्हा तिची साफसफाई एवढी मोलाची वाटते.