थेंब कुणाचा मोजलात?

प्रश्न : बाई, आम्ही अकरावीच्या मुलींनी रेणूची लांबी काढायचा ओलिक आम्लाचा (हे तेलात असणारं आम्ल) प्रयोग केला. १ मिली आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून २० मिली केलं, त्यातलं १ मिली घेऊन पुन्हा २० मिली. परातीतल्या पाण्यावर पावडर भुरभुरवून एक थेंब सोडला. पावडर बाजूला सरून १८ सेंमी व्यासाचं वर्तुळ झालं. पण रेणूची लांबी ५ नॅनोमीटर आली, पुस्तकात २ च्या आसपास आहे. वर्तुळ चुकलं का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : वर्तुळ झकास आहे, त्याला हात लावू नका. तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय : '१ मिली = २० थेंब'. खरं सांगा, हे थेंब पाण्याचे मोजलेत ना? द्रावण वाया जाऊ नये म्हणून?

पाण्याचा पृष्ठताण मोठा, म्हणून त्याचा थेंब ड्रॉपरच्या टोकाला चांगला फुगेपर्यंत लटकून राहतो. अल्कोहोलला तेवढा दम नाही. थेंब लहान असतानाच सुटतो. त्याच ड्रॉपरने अल्कोहोलचे थेंब मिलीला ५० च्या घरात भरतात. आता गणित करा. मिलीभर द्रावणात आम्ल १/४०० मिली, म्हणजे एका थेंबात १/२०,००० मिली. अल्कोहोल पाण्यात विरघळतं, काही उडून जातं. वर उरतं ते आम्ल. वर्तुळाचं क्षेत्रफळ २५४ चौरस सेंमी. आम्लाच्या घनफळाला या क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी ०.००००००२ सेंमी, म्हणजे २ नॅनोमीटर! हे रेणू डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून दाटीने उभे राहतात, म्हणून थराची जाडी ती रेणूची उंची.

माझी पहिली खेप तुमच्याहून वाईट होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून परात आणली, नुसत्या पाण्याने विसळली. थेंब सोडला, तर पावडर जागची हलेना. आदल्या दिवशी त्याच परातीत थालीपिठाचं पीठ मळलं होतं, तेलाच्या हाताने. पाण्यावर आधीच तेलाचा थर, नव्याला जागा कुठली? पोरं हसली, मीही हसले.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं होतं. अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ साली त्याने ते छापलं, पण चमच्याला अर्ध्या एकराने भागायचं काही त्याला सुचलं नाही. भागलं असतं तर उत्तर तुमच्याच आसपास आलं असतं. तो भागाकार व्हायला इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यावे लागले, १८९० साली.

तेव्हा प्रयोग पुन्हा करू नका, फक्त थेंब पुन्हा मोजा. त्याच ड्रॉपरने, त्याच द्रावणाचे. ड्रॉपर उभा धरा. तिरका झाला की थेंबाचं माप बदलतं.